उष्ण, विरळ केंद्रकीय द्रव्यातले हलके गुच्छ: बेळगाव सीमाभागातल्या नवशिक्यांसाठी वही-पेनाची वाट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बीएस्सी-एमएस्सीच्या मुलामुलींशी बोलताना एक समज सारखा भेटतो. केंद्रकभौतिकी करायची तर मोठा त्वरक लागतो, तो मुंबई-कोलकात्याला नाहीतर परदेशात असतो, मग आपण इथे बसून काय करणार? प्रयोगापुरतं हे खरंच आहे. पण या शास्त्राचा एक कोपरा असा आहे की त्याची पहिली गणितं वही, पेन आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन अथणीच्या घरातल्या ओसरीवरही होतात. तारा कोसळतो तेव्हा त्याच्या गाभ्याभोवतीचं द्रव्य कशाचं बनलेलं असतं, याचा पहिला अंदाज याच गणितांतून येतो.

प्रश्न असा आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा एक विरळ, पण अतिशय तापलेला वायू घ्या. त्यातले काही कण एकमेकांना धरून छोटे गुच्छ बनवतात. दोघांचा ड्यूटेरॉन, तिघांचा ट्रायटॉन (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) किंवा हेलियम-३ (दोन प्रोटॉन, एक न्यूट्रॉन), चौघांचा अल्फा कण. दिलेल्या तापमानाला आणि घनतेला कोणते गुच्छ किती बनतील? आणि घनता वाढवत नेली की ते का विरघळतात?

हा लेख दहावीपर्यंत मराठीतून शिकून, पुढे पीयूसी आणि डिग्री इंग्रजीतून केलेल्यांसाठी आहे. उष्मागतिकी आणि सांख्यिकी भौतिकीचा एकेक पेपर झालेला असावा, एवढीच अट. वाचत जाऊ नका, करत जा. कॅल्क्युलेटर शेजारी ठेवा.

पहिली पायरी: मापं अंगवळणी पाडा

इथे किलोग्रॅम, मीटर, केल्विन वापरले तर शून्यांत बुडून जाल. लांबी फर्मीत (एक फर्मी म्हणजे मीटरचा दहा हजार अब्जांश भागाचाही शंभरावा हिस्सा, १०⁻¹⁵ मीटर) मोजा आणि ऊर्जा मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. या दुसऱ्याला आपण पुढे नुसतं ‘मेव्ह’ म्हणू. तापमानही मेव्हमध्येच सांगायची पद्धत आहे. १ मेव्ह म्हणजे सुमारे १,१६० कोटी केल्विन.

घनता म्हणजे एका घन फर्मीत किती न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती. शिशासारख्या जड केंद्रकाच्या आत ही घनता ०.१६ असते. तिला संपृक्त घनता म्हणतात. आपल्या नेहमीच्या मापात एका घन सेंटीमीटरात साधारण २७ कोटी टन. आपण ज्याला विरळ म्हणतो ते द्रव्य याच्या शंभराव्या-हजाराव्या हिश्शाचं, आणि उष्ण म्हणजे साधारण १ ते १५ मेव्ह. तेव्हा ‘विरळ’ शब्दाने फसू नका. यातल्या एका चमचाभर द्रव्याचं वजनही लाखो टनांत जातं.

हाताने गणित करायला मी १०,००० घन फर्मीचं एक खोकं कल्पितो. त्याची बाजू साडेएकवीस फर्मीच्या आसपास येते. संपृक्त घनतेला यात १,६०० न्यूक्लिऑन बसतील. आपल्या उदाहरणात फक्त बारा असतील. सगळे आकडे मग एक-दोन अंकी राहतात आणि दहाच्या उलट्या घातांचा गोंधळ होत नाही.

दुसरी पायरी: चार गुच्छ, चार बंधनऊर्जा

हे आकडे पाठच करा. ड्यूटेरॉनची बंधनऊर्जा २.२२ मेव्ह, ट्रायटॉनची ८.४८, हेलियम-३ ची ७.७२, अल्फाची २८.३०. सगळे आकडे अख्ख्या गुच्छाचे आहेत, दर न्यूक्लिऑनचे नाहीत. नवशिक्यांची सर्वांत जास्त गफलत इथेच होते. पुस्तकातल्या आलेखावर अल्फासमोर ७.०७ दिसतं. ते दर न्यूक्लिऑनचं. घातांकात ते टाकलं की अल्फा जवळपास नाहीसाच होतो आणि पुढचं सगळं चुकतं.

सोबत स्पिनमुळे येणाऱ्या अवस्थांची संख्या लागते: प्रोटॉन, न्यूट्रॉन, ट्रायटॉन, हेलियम-३ यांना २, ड्यूटेरॉनला ३, अल्फाला १.

आपल्या भागात केंद्रकभौतिकी म्हटलं की कैगाचं नाव निघतंच, म्हणून सांगतो. कैगाच्या अणुभट्ट्यांत जड पाणी वापरतात. त्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे हाच ड्यूटेरॉन. भट्टीत तो निवांत असतो, कारण तिथलं तापमान मेव्हच्या हिशोबात नगण्य आहे. तोच ड्यूटेरॉन ५ मेव्हच्या वायूत टाकला तर आजूबाजूच्या कणांची सरासरी गतिज ऊर्जा साडेसात मेव्ह, आणि त्याचं बंधन सव्वादोनचं. मग तो टिकतो कसा? एकच ड्यूटेरॉन टिकून राहत नाही. मोडतो, दुसरीकडे नवा जुळतो, तोही मोडतो. कोणत्याही क्षणी मोजलं तर संख्या तेवढीच भरते. समतोलाचा अर्थ इतकाच आहे, आणि तो मनात नीट बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: साहांचं समीकरण इथेही चालतं

मेघनाद साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वातावरणातल्या अणूंसाठी जो हिशोब मांडला, त्याचाच साचा इथे लागू होतो. तिथे अणू मोडून आयन आणि इलेक्ट्रॉन होतात, इथे अल्फा मोडून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. अट एकच आहे: गुच्छाचा रासायनिक विभव (केमिकल पोटेन्शिअल, म्हणजे असा आणखी एक कण वाढवायची ऊर्जेतली किंमत) हा त्यातल्या सगळ्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या रासायनिक विभवांच्या बेरजेइतका असला पाहिजे. याला केंद्रकीय सांख्यिकी समतोल म्हणतात.

यात दोन गोष्टींची ओढाताण आहे. एकत्र आल्याने ऊर्जा सुटते, म्हणून गुच्छ फायद्याचा. पण चार कण सुटे असले तर चौघांना चार दिशांना फिरायची मोकळीक असते. गुच्छात ती एकालाच उरते, म्हणजे एन्ट्रॉपी घटते. थंडीत ऊर्जा जिंकते, उष्णतेत एन्ट्रॉपी. आणि द्रव्य जितकं विरळ तितकी मोकळिकीची किंमत मोठी, म्हणून फार विरळ वायूत गुच्छ कमी.

मोकळिकीची ही किंमत मोजायचं माप म्हणजे न्यूक्लिऑनची औष्णिक तरंगलांबी. तिचा वर्ग काढायला २६०.५ ला मेव्हमधल्या तापमानाने भागायचं, उत्तर वर्ग फर्मीत येतं. ५ मेव्हला ५२.१, म्हणून तरंगलांबी ७.२२ फर्मी आणि तिचा घन ३७६ घन फर्मी. आपल्या १०,००० च्या खोक्याच्या मापात हा घन ०.०३७६ झाला. या संख्येला आपण ‘तरंगघन’ म्हणू.

चौथी पायरी: खोकं भरा

तापमान ५ मेव्ह. खोक्यात ३ सुटे न्यूट्रॉन आणि ३ सुटे प्रोटॉन आहेत असं धरा. मुद्दाम सुट्या कणांपासून सुरुवात करतोय. एकूण घनता देऊन सुटे कण शोधायचे म्हटलं तर दोन समीकरणं एकदम सोडवावी लागतात. ते लॅपटॉपचं काम, नंतरचं.

ड्यूटेरॉनचं सूत्र: २.१२ × तरंगघन × न्यूट्रॉन × प्रोटॉन × बंधनाचा गुणक. हा २.१२ कुठून आला? स्पिनच्या ३ ला दोनच्या दीडव्या घाताने गुणून, सुट्या दोघांच्या स्पिन-अवस्थांच्या ४ ने भागलं. बंधनाचा गुणक म्हणजे ‘ई’चा घात, घातांक बंधनऊर्जा भागिले तापमान. २.२२ भागिले ५ म्हणजे ०.४४५, त्याचा गुणक १.५६. आता गुणा: २.१२ × ०.०३७६ × ३ × ३ × १.५६. उत्तर १.१२.

ट्रायटॉनला तरंगघनाचा वर्ग लागतो, कारण तिघांतल्या दोघांची मोकळीक गेली. १.३० × ०.०३७६ चा वर्ग × न्यूट्रॉनांचा वर्ग × प्रोटॉन × ५.४५. उत्तर ०.२७. हेलियम-३ ला न्यूट्रॉन-प्रोटॉनची अदलाबदल करा आणि गुणक ४.६८ घ्या. उत्तर ०.२३.

अल्फाला ०.५ × तरंगघनाचा घन × न्यूट्रॉनांचा वर्ग × प्रोटॉनांचा वर्ग × २८७. इथे थांबून बघा. तरंगघनाचा घन म्हणजे ०.००००५३, अगदी नगण्य. पण २८.३ मेव्हच्या बंधनाने २८७ चा गुणक आणला, आणि सुट्या कणांनी ८१ चा. उत्तर ०.६२.

आता न्यूक्लिऑन मोजा. सुटे ६, ड्यूटेरॉनांत २.२४, ट्रायटॉनांत ०.८१, हेलियम-३ मध्ये ०.७०, अल्फांत २.४७. एकूण १२.२. म्हणजे निम्मे न्यूक्लिऑनच सुटे आहेत. पाचवा हिस्सा अल्फात, जवळपास तेवढाच ड्यूटेरॉनांत. ५ मेव्ह तापमान, संपृक्त घनतेचा एक टक्कासुद्धा नाही, आणि तरी निम्मं द्रव्य गुच्छांत आहे. हे उत्तर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने आलं की या विषयाची गोडी लागते. म्हणून मी कोणालाही तयार प्रोग्राम आधी देत नाही.

घनतेत सांगायचं तर हे दर घन फर्मीला ०.००१२, म्हणजे एका घन सेंटीमीटरात सुमारे २० लाख टन.

पाचवी पायरी: दोन बदल करून पाहा

सुटे कण तेच ठेवून तापमान १० मेव्ह करा. तरंगघन ०.०१३३ होतो. ड्यूटेरॉन १.१२ वरून ०.३२ वर येतात. अल्फा मात्र ०.६२ वरून थेट ०.००१६ वर, म्हणजे चारशेव्या हिश्शाच्या जवळ. ज्याचं बंधन सर्वांत घट्ट, तोच तापमानाला सर्वांत जास्त हळवा. घट्ट बंधनाचा कण जास्त तग धरेल असं वाटणं साहजिक आहे. पण त्याचं सगळं बळ त्या ‘ई’च्या घातात आहे, आणि तापमान त्या घातांकालाच भागतं.

दुसरा बदल. तापमान पुन्हा ५, पण सुटे न्यूट्रॉन ६ आणि सुटा प्रोटॉन १. कोसळणाऱ्या ताऱ्यात द्रव्य असंच न्यूट्रॉनबहुल असतं. ड्यूटेरॉन ०.७५, ट्रायटॉन ०.३६, हेलियम-३ फक्त ०.०५२, अल्फा ०.२७५. ट्रायटॉन हेलियम-३ च्या सातपट झाले. सुट्या कणांचं गुणोत्तर ६, त्यात बंधनातल्या ०.७६ मेव्हच्या फरकाने थोडी भर घातली. या खोक्यातले सगळे प्रोटॉन मोजलेत तर दिसेल की जेमतेम ३६ टक्के सुटे आहेत. उरलेले गुच्छांत गेले. न्यूट्रॉन मात्र तीन चतुर्थांश सुटेच राहिले.

सहावी पायरी: उलट्या दिशेने तापमान काढा

ड्यूटेरॉन आणि अल्फा यांच्या संख्यांचा गुणाकार घ्या, त्याला ट्रायटॉन आणि हेलियम-३ यांच्या गुणाकाराने भागा. पहिल्या उदाहरणात १.१२ × ०.६२ भागिले ०.२७ × ०.२३, म्हणजे ११ च्या आसपास. न्यूट्रॉनबहुल उदाहरणातही करा. पुन्हा ११ च्या आसपासच. योगायोग नाही. वर तीन प्रोटॉन-तीन न्यूट्रॉन आहेत, खालीही तितकेच, त्यामुळे सुट्या कणांची संख्या कटून जाते. तरंगघनही कटतो. उरतं फक्त बंधनऊर्जांचं अंतर: २.२२ + २८.३० − ८.४८ − ७.७२, म्हणजे १४.३ मेव्ह.

या गुणोत्तराला १.५९ ने गुणा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, आणि १४.३ ला त्याने भागा. तापमान परत मिळतं, ५ च्या अगदी जवळ. दोन केंद्रकांच्या टकरीत तापमापी घालता येत नाही, म्हणून प्रयोगवाले बाहेर आलेले हलके कण मोजून याच पद्धतीने तापमान काढतात. १९८५ मध्ये अल्बेर्गो आणि सहकाऱ्यांनी ही रीत मांडली. तुमचा प्रोग्राम तपासायचीही हीच सर्वांत सोपी कसोटी आहे. समतोलाचा हिशोब बरोबर असेल तर दिलेलं तापमान परत यायलाच हवं.

सातवी पायरी: जिथे हा हिशोब मोडतो

खरा विषय इथून सुरू होतो.

तापमान ५ वरच ठेवा आणि सुटे न्यूट्रॉन १०, प्रोटॉन १० करा. सूत्र सांगतं की खोक्यात ७६ अल्फा बसले. एकूण न्यूक्लिऑन ४०० च्या वर गेले, म्हणजे संपृक्त घनतेच्या चौथ्या हिश्शावर, आणि चारातले तीन अल्फात. असंच वाढवत गेलात तर सूत्र सगळं द्रव्य अल्फाचंच करून टाकेल. पण शिशाच्या केंद्रकाचं पोट म्हणजे अल्फांची रास नाही. तिथे प्रोटॉन-न्यूट्रॉन बहुतांशी आपापले फिरतात. मधे कुठेतरी गुच्छ विरघळले पाहिजेत आणि आपल्या सूत्राला ते दिसत नाही, कारण त्यात प्रत्येक गुच्छ एकटाच पोकळीत असल्यासारखा धरला आहे.

कारण पाउलींच्या नियमात आहे. एका अवस्थेत एकाच प्रकारचे दोन न्यूक्लिऑन राहू शकत नाहीत. गुच्छातला न्यूक्लिऑन एकाच संवेगाचा नसतो. त्याची तरंग-अवस्था अनेक संवेगांच्या मिश्रणाने बनते, आणि त्या मिश्रणातूनच बंधन तयार होतं. भोवतीच्या सुट्या कणांनी त्यातले कमी संवेग आधीच व्यापले असतील तर गुच्छाला ते वापरता येत नाहीत. मिश्रण अपुरं पडतं, बंधनऊर्जा घटते.

बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या बसचा विचार करा. चौघांच्या कुटुंबाला पुढच्या बाजूला शेजारी-शेजारी जागा हवी आहे. बस रिकामी असेल तर प्रश्न नाही. पुढची बाकं सुट्या प्रवाशांनी भरली की चौघं चार ठिकाणी पांगतात. बसमध्ये जागा असते, पण हवी ती जोडलेली जागा नसते. मात्र जे कुटुंब सरळ मागच्या बाकांपर्यंत जातं त्याला चौघांची जागा अजून मिळते. गुच्छांतही असंच घडतं. जो गुच्छ माध्यमातून वेगाने चालला आहे त्याचे घटक जास्त संवेगाच्या, रिकाम्या अवस्थांत असतात. म्हणून संथ गुच्छ आधी विरघळतात आणि वेगवान गुच्छ जास्त घनतेपर्यंत टिकतात.

बंधनऊर्जा घटत घटत शून्यावर येते त्या घनतेला मॉट घनता म्हणतात. ती तापमानावर अवलंबून असते. तापमान जास्त असेल तर सुटे कण वरच्या संवेगांपर्यंत विखुरतात, खालच्या अवस्था तितक्या गच्च भरत नाहीत, आणि गुच्छ थोड्या जास्त घनतेपर्यंत तग धरतो. ढोबळमानाने संपृक्त घनतेच्या दहाव्या हिश्शाच्या परिसरात गुच्छांचं प्रमाण उतरणीला लागतं. गेर्ड रोपके आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे गणित बांधत आणलं. २०१० मध्ये टायपेल, रोपके आणि इतरांनी ते संपूर्ण अवस्था-समीकरणात, म्हणजे घनता, तापमान आणि दाब यांना जोडणाऱ्या समीकरणात, बसवलं.

दुसरी एक सोपी रीतही प्रचलित आहे. प्रत्येक गुच्छाला स्वतःचं आकारमान द्यायचं आणि तेवढी जागा इतरांना बंद करायची. घनता वाढली की जागाच उरत नाही आणि गुच्छ संपतात. पहिल्या प्रोग्रामसाठी ही रीत घ्यायला हरकत नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: ती उत्तर देते, कारण देत नाही. वेगवान गुच्छ का टिकतो हे तिच्यातून कधीच कळणार नाही. सोय म्हणून वापरा, समज म्हणून नको.

एक सुटलेला तुकडा: न जुळलेल्या जोड्या

दोन न्यूट्रॉन एकमेकांना बांधून घेत नाहीत, तसं केंद्रक अस्तित्वात नाही. तरी त्यांच्यातलं आकर्षण इतकं तीव्र आहे की ते जवळजवळ बांधले जातात. आपल्या हिशोबात फक्त बांधलेले (बद्ध) गुच्छ मोजले, हे जवळजवळ बांधलेले मोजले नाहीत. आणि ड्यूटेरॉन इतका सैल आहे की ५ मेव्हला त्याची बद्ध अवस्था आणि नुसतं एकमेकांजवळून विखुरणारी जोडी यांत काटेकोर रेघ ओढणं चुकीचं ठरतं. १९३७ मध्ये बेथ आणि उलेनबेक यांनी विखुरण्याच्या मोजमापांवरून हा हिस्सा काढायची रीत दिली. २००६ मध्ये हॉरोविट्झ आणि श्वेंक यांनी तीच वापरून न्यूट्रॉन, प्रोटॉन आणि अल्फा यांच्या वायूचं अवस्था-समीकरण मांडलं, थेट प्रयोगातल्या आकड्यांवरून. विरळ टोकाला कोणतंही मॉडेल त्याच्याशी जुळतं का हे पाहायची आता रीतच पडली आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला ड्यूटेरॉनचा आपला १.१२ हा आकडा या दुरुस्तीने किती बदलतो, एवढंच काढलं तरी पुरेसं काम होईल.

हे सगळं कुणी पाहिलंय का?

पाहिलंय. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनवर आर्गॉन आणि झिंकची केंद्रकं कथिलावर आदळवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वरच्या सूत्रातून येणारं आदर्श प्रमाण मोजलेल्या गुच्छांशी जुळलं नाही. माध्यमामुळे बंधन घटतं हे धरल्यावर मेळ बसू लागला, आणि मॉट बिंदूंचा अंदाजही थेट मोजमापांतून आला. फ्रान्समध्ये गॅनिल या त्वरक-केंद्रातल्या ‘इंद्रा’ डिटेक्टरने झेनॉन आणि कथिलाच्या टकरींत मोजलेल्या कणांचं २०२० मध्ये नव्याने विश्लेषण झालं. त्यातून गुच्छ आधीच्या समजापेक्षा जास्त घनतेपर्यंत टिकतात असं दिसलं. हा वाद अजून चालू आहे, आणि नवशिक्याला शिरायला ही चांगली जागा आहे.

मला सर्वांत देखणा वाटतो तो जपानमधल्या ओसाका विद्यापीठाचा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. कथिलाच्या वेगवेगळ्या समस्थानिकांवर वेगवान प्रोटॉन मारून त्यांच्या पृष्ठभागावरून अल्फा उडवले. केंद्रकाचा पृष्ठभाग म्हणजे आपलं विरळ द्रव्यच, कारण तिथे घनता उतरत शून्याकडे जाते. तिथे अल्फा तयार होतात, आणि समस्थानिकात न्यूट्रॉन जितके जास्त तितके कमी मिळतात, हे त्यातून समोर आलं.

आकाशातली जागा

मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळतो तेव्हा बाहेर पडणारे न्यूट्रिनो ज्या थरातून शेवटचे निसटतात, तिथली घनता एका घन सेंटीमीटरात साधारण लाख ते कोटी टन आणि तापमान काही मेव्ह. आपलं २० लाख टनांचं खोकं बरोबर त्यातच बसतं. २३ फेब्रुवारी १९८७ ला सुपरनोव्हा १९८७-ए मधून आलेले दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि रशियातल्या यंत्रांनी टिपले. ते अशाच थरातून निघालेले होते. सुटा न्यूट्रॉन न्यूट्रिनो सहज गिळतो. अल्फात घट्ट बांधलेला न्यूट्रॉन तसं करायला जास्त ऊर्जा मागतो. म्हणून गुच्छांचं प्रमाण बदललं की न्यूट्रिनोंची वाट आणि त्यांनी मागे सोडलेली उष्णता बदलते. शिवाय चार सुटे कण अल्फात बसले की २८ मेव्ह सुटतात, आणि ती ऊर्जा ताऱ्याला उडवणाऱ्या धक्का-लहरीच्या (शॉक वेव्हच्या) कामी येते. १७ ऑगस्ट २०१७ ला टिपलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसारख्या घटनांत बाहेर फेकलं जाणारं द्रव्यही थंड होताना याच टप्प्यातून जातं.

आठवी पायरी: आता लॅपटॉप उघडा

पायथन पुरेसं आहे. एकूण घनता, प्रोटॉनांचा हिस्सा आणि तापमान द्यायचं. अज्ञात दोन: न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांचे रासायनिक विभव. समीकरणं दोन: एकूण न्यूट्रॉनांची बेरीज आणि एकूण प्रोटॉनांची बेरीज. न्यूटनच्या पद्धतीने सोडवा. सुरुवात नेहमी अतिविरळ टोकाकडून करा, जिथे जवळपास सगळे कण सुटे असतात आणि उत्तर आधीच माहीत असतं. मग घनता थोडी थोडी वाढवत मागचं उत्तर पुढच्याची सुरुवात म्हणून द्या. एकदम मोठ्या घनतेला उडी मारली की पद्धत भरकटते. घातांक थेट काढू नका, लॉगॅरिदममध्ये बेरीज ठेवा, नाहीतर कमी तापमानाला संख्या फुगून प्रोग्राम बंद पडू शकतो. आणि रासायनिक विभवात कणाचं वस्तुमान धरलं आहे की नाही हे पहिल्या ओळीतच लिहून ठेवा. दोन लेखांतले आकडे न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा तेच निघतं.

१ मेव्हच्या आसपास चारच गुच्छांचा प्रोग्राम खोटं बोलेल हे लक्षात ठेवा. तिथे लोखंडाच्या आसपासची जड केंद्रकं बाजी मारतात. हलक्या गुच्छांचं राज्य काही मेव्हपासून वर.

केंद्रकांच्या वस्तुमानांचा २०२० चा आंतरराष्ट्रीय तक्ता इंटरनेटवर मोफत मिळतो. आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर वर उल्लेखलेले बहुतेक शोधनिबंध फुकट वाचता येतात. ‘कॉम्पोज’ (CompOSE) या ऑनलाइन संग्रहात सुपरनोव्हासाठीच्या अवस्था-समीकरणांचे तयार तक्ते आहेत, गुच्छांच्या प्रमाणासकट. अडलात तर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडे भौतिकशास्त्र विभाग आहेत आणि बेळगावहून एका दिवसात जाऊन येता येतं. पुण्यात आयुका ही खगोलभौतिकीची संस्था आहे. रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमचा आलेख घेऊन जा, आणि प्रश्न एकच पण नेमका विचारा.

आलेख असा काढा. तापमान ५ मेव्ह, प्रोटॉन निम्मे. आडव्या अक्षावर घनता ०.०००१ पासून ०.१ पर्यंत, लॉगॅरिदमच्या मापात. उभ्या अक्षावर सुटे कण आणि चारही गुच्छ यांचे वाटे. त्याच्यावर कॉम्पोजमधल्या, माध्यमाचा परिणाम धरलेल्या एखाद्या तक्त्याच्या रेषा टाका. ०.००१ च्या खाली दोन्ही जवळजवळ राहायला हव्यात. ०.०१ नंतर तुमची अल्फाची रेषा वर चढत राहील आणि तक्त्यातली वळून खाली येईल. त्या दोन रेषा कुठे फुटतात ती घनता वहीत लिहा, मग तापमान ८ आणि १० मेव्ह करून तीच घनता पुन्हा शोधा.